कुसरुडाची पाचवी

माझ्या संसाराच्या पहिल्याच वर्षात मला एक सवत आली, आणि तिच्या अंगभर तांबूस केस होते. हे वाचून माझी नातसून दचकेल, म्हणून लगेच सांगून टाकते की ती अळी होती. आमच्याकडं बाजरीवर पडणाऱ्या केसाळ अळीला कुसरूड म्हणतात. ही त्याच कुळातली, फक्त बर्फाच्या मुलखातली, म्हणून तिचा थाट वेगळा. तिला घरात वेगळी जागा होती, तिचं खाणं वेगळं होतं, तिच्यासाठी माणूस भर उन्हातनं सायकल हाणत बर्फ आणत होता. मला यातलं काहीच नव्हतं. मी तेव्हा सोळा वर्षांची असेन, नुकतीच नांदायला आलेली. आपल्या नवऱ्याचं चित्त एका पत्र्याच्या डब्यात आहे हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

माझं माहेर मोरगावचं. तिथं पाणी म्हणजे तांब्यानं मोजून ओतायची गोष्ट. मला सणसरला दिली तेव्हा आमच्या आईनं देवळापासून वेशीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "पोरगी पाण्याच्या गावात दिली." पाणी खरंच होतं. घरामागं कालवा वाहायचा आणि त्याचा सळसळता आवाज दिवसभर कानात राहायचा. उसाचे फड, पाळी आली की पाटकऱ्याची लांबून येणारी हाक, गुऱ्हाळ पेटलं की कपड्यांना, केसांना, दुधालासुद्धा काकवीचा वास. मी हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेली. इथं आमटीत गुळाचा खडा, भाजीत गुळाचा खडा, पाव्हण्याला पाण्याआधी गुळाचा खडा. पहिल्या दोन महिन्यांत मला गोडाचा असा उबग आला की मी चोरून मीठ-मिरची चाटायची. ते आत्याबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात लसणीचा ठेचा यायला लागला. तो त्या अशा काही आपटून वाढायच्या की उपकार समजावा का शिक्षा, हेच कळायचं नाही.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. घरात माणसं तीनच, त्या, हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते आणि रान वाट्यानं लावलेलं होतं. आत्याबाईंच्या माहेरची माणसं मेंढरं राखणारी. लहानपणी त्या कळपामागं चालल्या होत्या, आणि ती चाल त्यांच्या पायात शेवटपर्यंत राहिली. घरातल्या घरात चालायच्या तरी वाटायचं, पुढच्या गावाला निघाल्यात. त्यांची बाळंतपणं बरीच झाली होती. जगला एकच, तो माझा नवरा. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. न्हाणीला लागून एक बिनखिडकीची खोली होती, तिथं ती सगळी बाळंतपणं झाली होती, एवढं मला शेजारणीनं सांगितलं. त्या खोलीत आता लाकडं आणि कांदे असायचे.

नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. आता लिहायला कुणाची ना नाही, पण हात वळत नाही, तेव्हा "हे"च राहू देत. हे कालव्याच्या हापिसात कारकून होते. कुणाच्या उसाला कधी पाणी सुटणार त्याच्या पाळ्या लिहायचं काम. त्यामुळं गावात मान होता, आणि घरात सायकल होती. कालव्याचा मोठा साहेब वर्षातनं एक-दोनदा इंदापूरच्या रस्त्यावरच्या बंगल्यात मुक्कामाला यायचा. त्याला पाखरांचं, म्हणजे फुलपाखरांचं आणि पतंगांचं वेड होतं. हातात जाळी घेऊन हा तांबडा माणूस तागाच्या रानातनं पळत सुटला की बायका खुरपणं टाकून बघत बसायच्या. बाकीचे कारकून तोंड फिरवून हसायचे. आमचे हे मात्र साहेबाची दुसरी जाळी धरून त्याच्या मागनं पळायचे. त्यात चाकरीचा भाग किती आणि हौसेचा किती, हे मला चाळीस वर्षांच्या संसारातही ठरवता आलं नाही.

दिवाळीनंतर एकदा हे घरी आले ते सायकल हातात धरून, चालत. मला वाटलं, पंक्चर झाली. पण कॅरिअरवर एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला भोकं पाडलेला, आणि त्याला हिसका बसू नये म्हणून हा माणूस बंगल्यापासून चालत आला होता. साहेब सुट्टीवर उत्तरेत गेला होता, जिथं वर्षातला निम्मा काळ बर्फ असतो तिथं. तिथनं त्यानं तीन अळ्या आणल्या होत्या, ओल्या शेवाळात ठेवलेल्या. आता त्याला लांबच्या दौऱ्यावर जायचं होतं, म्हणून त्या ह्यांच्या ताब्यात दिल्या. ह्यांनी सोप्यात झाकण उघडलं. आत्याबाई चुलीपुढनं उठून आल्या, हातात चिमटा तसाच.

"बापू, बाजरीवरचं येचून आपन चुलीत घालतू, आन तू डब्यातनं घरी आणतूयास?"

"साहेबाचं हाय, आई."

"मग साहेबाच्या चुलीत घाल."

पण ह्यांनी पुढं जे सांगितलं त्यानं माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. साहेबाची बदली उत्तरेत व्हायची होती, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याला, तिथल्या कालव्यांवर. त्याला भरवशाचा माणूस बरोबर हवा होता. तो म्हणाला होता, यातलं एक तरी पाखरू होऊन बाहेर येऊ दे, पंखाला धक्का न लागता माझ्या हातात दे, मग तूच माझ्याबरोबर चल. राहायला पक्कं घर, भिंतीत शेगडी, आणि बायकोला घेऊन ये म्हणाला. आत्याबाई ऐकून घेऊन परत चुलीपाशी गेल्या. मी रात्रभर त्या घराच्या भिंती सारवत होते, म्हणजे मनातल्या मनात. चूल माझी, मिठाचं भांडं माझं, आमटीत गूळ घालायचा का नाही ते मी ठरवणार. मला तिथं जायचं होतं. इतकं काही मला त्याआधी कधी हवं झालं नव्हतं.

म्हणून मी अळीची चाकरी पत्करली. एक अळी आल्या आल्याच वाळून गेली, दुसरी मुंग्यांनी नेली. उरली ती माझी सवत. तिला सगळ्या पाल्यात पसंत पडली ती पाथरी. कालव्याच्या कडेला ओलीत पाथरी उगवते, तिची भाजी आमच्या घरात सगळ्यांना आवडायची. त्या हिवाळ्यात मात्र मी खुडून आणलेल्या पाथरीतली कोवळी पानं आधी डब्यात जायची आणि निबर आमच्या कढईत. तिचे केस अंगाला लागून माझ्या हाताला गांध्या उठायच्या. आत्याबाई त्यावर खोबरेल चोळायच्या आणि तोंडानं साहेबाच्या सात पिढ्यांचं भलं चिंतायच्या. हे दौतीवरची धूळ झटकत नसत, पण अळीची लेंडी रोज कोंबडीच्या पिसानं झाडायचे. थंडी पडली की ह्यांना आनंद. डबा दवात घराच्या धाब्यावर नेऊन ठेवायचे. मी कुडकुडते म्हटलं तर म्हणायचे, "बरं झालं, म्हंजे तिला मानवत आसंल." मला काय मानवतंय, हे विचारायची त्यांना कधी आठवण झाली नाही. स्वभावानं वाईट नव्हते, एवढं सांगते.

आत्याबाई तिला "पावनी" म्हणायच्या, आणि ते तुच्छतेनं. "पावनीला वाढलं का?" "पावनीचं तोंड धुतलं का?" ही टिंगल शिमग्यापर्यंत चालली. मग एका सकाळी अळीनं खाणं सोडलं. डब्याच्या कोपऱ्यात जाऊन ती स्वतःभोवती धागा विणायला लागली. तेवढा धागा पुरेना म्हणून असेल, पण ती मान वाकडी करून आपल्याच अंगावरचे केस काढायची आणि त्या विणीत घालायची. ह्यांनी मला हाक मारली, मी बघितलं, आणि माझ्या मागं आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. नेहमी एका जागी न थांबणारी बाई, पण भाकरी करपल्याचा वास आला तरी हलली नाही.

"सोताचं क्यास उपटून बाज बांधतीया," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "म्हंजी दिस भरल्यात बाईचं."

त्या दिवसापासून "पावनी" शब्दाचा सूर बदलला. आत्याबाई येता-जाता डब्यात डोकवायला लागल्या. एकदा मी वाण्याकडनं आलेलं हिंगाचं पुडकं डब्याशेजारी ठेवलं तर म्हणाल्या, "उग्र वास नगं तिच्याजवळ. तुला कळत न्हाय व्हय." मला भारी राग आला. मला पडसं झालं होतं तेव्हा मला कुणी वासाचं विचारलं नव्हतं.

चैत्रात ऊन तापलं आणि ह्यांचे हातपाय गळाले. साहेबानं जाताना एवढंच सांगितलं होतं की गार जागी ठेव. आमच्या ह्यांनी त्याचं व्रत केलं. रांजणाखालची ओली वाळू हे घरातलं सगळ्यात थंड ठिकाण. तिथनं लोटी-भांडी हलली आणि डबा गेला. वर वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारायचं काम माझं. त्यानं समाधान होईना. बारामतीला उन्हाळ्यात लग्नसराईसाठी पुण्याकडनं बर्फ यायचा, दौंडावरनं धाकट्या रेल्वेनं, लाकडाच्या भुशात. हे हापिसच्या कामाला बारामतीला गेले की त्यातली एक लादी गोणपाटात बांधून कालव्याच्या कडेनं सायकल मारत सणसरला आणायचे. निघताना लादी लहान मुलाएवढी असायची. घरी पोचेपर्यंत नारळाएवढी. ती डब्याखाली ठेवायचे आणि ओली पँट पिळत बसायचे. सगळी गल्ली बर्फ बघायला जमायची. म्हाताऱ्या त्याला बोट लावून "चावतंय" म्हणायच्या. आता आमच्या घरात फ्रीज आहे, त्यातला बर्फाचा साचा कुणी भरतसुद्धा नाही. मी कधीकधी एक खडा काढून तळहातावर धरते. माझ्या लेकाला वाटतं, हाताला मुंग्या येतात म्हणून.

वैशाख लागला. साहेब आठवड्याभरात बंगल्यावर येणार असा हापिसात सांगावा आला, आणि तिनं विणलेल्या कोसल्यातनं तर काही बाहेर येईना. ह्यांना वाटलं, गारवा कमी पडतोय. ते एक मुक्काम करून बर्फ आणायला बारामतीला गेले. जाताना मला बजावून गेले, पडदा वाळू देऊ नको. मी दुपारी पाणी मारायला गेले तर वाळूवर डबाच नव्हता.

डबा न्हाणीशेजारच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत होता. लाकडं आणि कांदे बाहेर काढलेले, जमीन सारवलेली, कोपऱ्यात शेगडी पेटवलेली. वैशाखात. शेगडीवर आत्याबाई ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी देत होत्या, आणि कोसला एका दुरडीत, जुन्या मऊ लुगड्याच्या घडीवर ठेवला होता. खोलीत असा उकाडा की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"आत्याबाई, हे काय? गार जागी ठेवाया सांगितलंय."

"कुणी, बापूनं? त्याला बाळंतपणातलं काय कळतंय? मगाशी हालली ती. माज्या डोळ्यांनी बघितलं. अशा वक्ताला बाईला ओल्या वाळूत ठिवत्यात व्हय? वारं धरंल."

मी दुरडी उचलायला पुढं झाले आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरले. माझं ते बर्फातलं घर त्या शेगडीत जळताना मला दिसत होतं. तेव्हाच माझ्या मनात आलं, हे वेडेपण नाही. हिला ठाऊक आहे, पाखरू बाहेर आलं की लेक जाणार. म्हातारीनं बरोबर डाव साधला. त्या रात्री मी जेवले नाही. त्यांनी माझ्या ताटात ठेचा वाढला, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरू बाहेर आलं. थंडीनं नाही, बर्फानं नाही, ओव्याच्या धुरीनं आणि शेगडीच्या शेकानं. अलीकडं माझ्या नातवानं मोबाइलवर बघून मला सांगितलं, की या जातीची अळी बर्फात गोठून पडते आणि परत उठते, पण कोसला झाल्यावर तिला ऊब मिळाली की ती लवकर बाहेर येते, तिकडंही उन्हाळ्यातच येते. म्हणजे ह्यांनी दोन महिने सायकल मारून तिला फक्त उशीर केला. बरं झालं हे ऐकायला ते नव्हते.

आधी ती ओल्या चिंधीसारखी दिसत होती. मग दुरडीच्या काठावर चढून बसली आणि पंख हळूहळू उलगडले. वरचे पंख कॉफीच्या रंगाचे, त्यावर पांढऱ्या वाटा. आत्याबाईंनी जवळ जाऊन हलकी फुंकर घातली, तशी तिनं पंख फाकले. आतले पंख लालभडक होते, त्यावर निळे-काळे ठिपके. आत्याबाई जमिनीवरच बसल्या.

"बाहीरनं कांबळं आन आतनं शालू," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून ओढला. "बग की गं सगुणा. सुखरूप झाली."

दुपारी हे आले, घामानं भिजलेले, गोणपाटात नारळाएवढा बर्फ. खोलीत बघितलं आणि बर्फ हातातच धरून उभे राहिले. त्याचं पाणी कोपरावरनं ओघळत होतं. हसत होते, रडतही होते. मग भानावर आले आणि साहेबानं दिलेली रुंद तोंडाची बाटली आणायला आत गेले. तिच्या तळाशी औषध होतं. पाखरू आत सोडून झाकण लावलं की ते मरायचं आणि पंख जसेच्या तसे राहायचे. उशीर झाला तर पाखरू फडफडतं, पंख झिजतात, आणि मग त्याचा उपयोग नाही, असं साहेबानं निक्षून सांगितलं होतं. हे बाटली घेऊन आले तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, आडव्या.

"कशाला हाय ती बाटली?"

ह्यांनी सांगितलं. खरं तेच सांगितलं, त्यांना दुसरं येतच नव्हतं.

"एका दिसाचीबी बाळंतीण न्हाय ती, आन तू तिला मारायला निगालास?"

"आई, अगं पाखरूच हाय. आन अंड्यातनं न्हाय आलं, त्येच आधी आळी हुतं—"

"मला शिकवू नगं. ह्या खोलीत जे जलमलं त्येला सोयर असतंय. पाचवी झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय. तूबी न्हाय आन तुजा सायबबी न्हाय."

ह्यांनी विनवण्या केल्या, रागावले, एकदा तर पायाही पडले. उंबरा मोकळा झाला नाही. त्या खोलीत जी पोरं झाली त्यांतली पाचवीपर्यंतसुद्धा सगळी पोचली नव्हती, हे ह्यांना माहीत होतं, म्हणून असेल, शेवटी ते बाटली घेऊन सोप्यात जाऊन बसले. मला मात्र ते आठवलं नाही. मला एवढंच दिसत होतं की पाच दिवसांत पंखांचा चुरा होणार आणि मी जन्मभर गुळाची आमटी खाणार.

ते दिवस आत्याबाई त्या खोलीतच राहिल्या. शेगडी काढली, पण दार लोटलेलं. पाखरू दुरडीखाली, अंधारात. आत काय करतात म्हणून मी फटीतनं बघितलं तर सुई-दोरा घेऊन काहीतरी शिवत होत्या. त्यांच्या माहेरचा एक भाऊ मध्ये येऊन मेंढरांच्या लोकरीचं गाठोडं देऊन गेला होता, तेही आत होतं. मी म्हटलं, शिवू दे; म्हातारीला आता लेक-सुनेच्या जिवावर आयुष्य काढायचं आहे, अंथरूण लागणारच. जेवण दाराशी ठेवायची मी आणि मुद्दाम आपटून ठेवायची. तेवढं मी त्यांच्याकडनंच शिकले होते.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला सटवाईची पूजा झाली. लेकराची होते तशीच, काही कमी नाही. पाटा-वरवंटा मांडला, हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, आणि सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि बोरू. कागद ह्यांनाच द्यावा लागला. त्यांनी तो असा दिला की जणू स्वतःचा राजीनामा देत होते. आत्याबाईंनी दुरडी उचलून बाजूला ठेवली, पाखराला कुंकवाचं बोट दाखवलं, लावलं नाही, आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं.

सकाळी त्यांनीच ह्यांना हाक मारली. पाखरू त्या कोऱ्या कागदावर मरून पडलं होतं, पंख मिटून. आणि कागदावर तिनं अंडी घातली होती. बारीक, मोत्यासारखी, एकाला एक लागून, आडव्या ओळींत. नराशिवायची ती अंडी, त्यातनं काही निघायचं नव्हतं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक. आम्ही तिघं त्या कागदावर वाकून कितीतरी वेळ बघत होतो.

"लिवून गेली," आत्याबाई म्हणाल्या.

"काय लिवलंय?" मी विचारलं.

"सटवाईचं कुणाला वाचाया येतंय? घे बापू आता. आता ती मोकळी झाली."

ह्यांनी चिमट्यानं पाखरू उचललं. अंधारात ठेवल्यामुळं ती फडफडलीच नव्हती. उजव्या पंखाची कड तेवढी जराशी झिजली होती, नख लागावं इतकी. ह्यांनी ती उजेडात धरून दहादा बघितली. चालेल म्हणाले. मग म्हणाले, चालायला पाहिजे.

साहेब त्याच दिवशी बंगल्यावर येणार होता. ह्यांनी शेजाऱ्याचा छकडा मागितला, कारण सायकलवर पाखराला हिसके बसले असते. मलाही बरोबर घेतलं, साहेबाला बायको दाखवायला म्हणून. मी निघायला बाहेर आले तर छकड्यात एक गाठोडं होतं. बाजरीच्या कडक भाकऱ्या, लसणीची चटणी, ठेच्याचं मडकं, आणि एक वाकळ. आत्याबाईंच्या दोन लुगड्यांची, आत मेंढरांची लोकर भरलेली, जाड, दोन माणसं झोपतील एवढी रुंद.

"हे कशाला, आत्याबाई?"

"बरफात जायाचं हाय न्हवं? आमच्या घोंगड्यानं भागायचं न्हाय तितं."

त्यांना वाटलं होतं, साहेब पाखरू हातात घेईल आणि तिथनंच आम्हांला गाडीत घालून नेईल. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं. मग ह्यांच्या. ह्यांनी आईकडं बघितलं नाही, बैलांकडं बघितलं. छकडा निघाला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, नेहमीसारख्या, कमरेला पदर खोचून. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मागं वळून बघत होते आणि माझ्या तळहातावरचं दही कोपरापर्यंत ओघळलं, तरी मला चाटायची शुद्ध नव्हती.

बंगल्यावर साहेब कालव्याच्या काठाला खुर्ची टाकून बसला होता. हातात जाळी नव्हती, गळ होता. ह्यांनी पाखराची पेटी उघडून पुढं धरली. साहेबानं बघितलं, कपाळाला आठी घातली, आणि मग त्याला आठवलं. "अच्छा, वो," तो म्हणाला. "बहुत अच्छा, बाबू. तुम रख लो." त्याचं पाखरांचं वेड संपलं होतं. आता मासे. ह्यांनी उत्तरेचं विचारलं, फार अदबीनं विचारलं. उत्तरेची बदली त्यानंच नको म्हणून कळवलं होतं. तो पावसाळ्याआधी विलायतेला घरी चालला होता. मग गळाचं बूच पाण्यात बुडताना बघून त्यानं आम्हांला हातानं गप्प राहायला सांगितलं, मासा पळू नये म्हणून. आम्ही गप्प राहिलो. झिजलेली कड त्यानं बघितलीसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर मी रडले. बर्फाच्या घरासाठी रडले, त्यातल्या माझ्या चुलीसाठी रडले, सगळं मनापासून. हे बैल हाकत होते आणि पेटी मांडीवर धरून होते. एकदा म्हणाले, "निदान लाल रंग तरी बगायचा त्येनं." एवढंच.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, पण घरात दिवा नव्हता. हे बैल सोडायला मागं गेले. मी आत गेले. चूल नुकती पेटवलेली, तिच्या उजेडात आत्याबाई परातीपुढं बसल्या होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले.

"काय इसरलं?" त्यांनी विचारलं.

"आमी न्हाय, आत्याबाई. सायब इसरला."

त्यांना समजायला वेळ लागला. मग समजलं. ह्यांची सावली दारात आली, पेटी हातात, आणि त्या सावलीकडं बघत त्या म्हणाल्या, "बाळंतपण आमी केलं, आन बाप वळख दीना व्हय." ह्यांना हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदा. मलाही फुटलं, आणि हसता हसता मी हात धुऊन चुलीपाशी बसले.

परातीत मळलेलं पीठ होतं, एका भाकरीचं. त्या घरात एका भाकरीचं पीठ त्याआधी कधी कुणी मळलं नसेल. माझी नजर तिथं गेलेली त्यांनी पाहिली आणि परात जरा आपल्याकडं ओढली.

"आताशा डोळ्याला दिसंना," त्या म्हणाल्या. "अंदाज चुकतुया."

मी पिठाच्या डेऱ्यात हात घातला आणि आणखी दोन भाकरींचं पीठ त्यांच्या परातीत टाकलं.